मानमोडी आणि पहिली खबर

जीवघेण्या संसर्गजन्य रोगांची आणि जैविक अस्त्रांची, म्हणजे रोगजंतूंचा किंवा त्यांच्या विषाचा माणसे मारण्यासाठी केलेल्या वापराची, हकिगत सांगणाऱ्या माहितीपर पुस्तकांचा एक स्वतंत्र वर्ग गेल्या तीन दशकांत तयार झाला आहे. रिचर्ड प्रेस्टन यांचे ‘द हॉट झोन’ आणि लॉरी गॅरेट यांचे ‘द कमिंग प्लेग’ ही पुस्तके १९९४ साली प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघाच्या गुप्त जंतुअस्त्र कार्यक्रमात वरिष्ठ पदावर राहिलेल्या केन अलिबेक यांचे ‘बायोहॅझर्ड’ १९९९ साली आले, आणि देवीच्या रोगाच्या जपून ठेवलेल्या विषाणूची चर्चा करणारे प्रेस्टन यांचेच ‘द डेमन इन द फ्रीझर’ २००२ साली बाहेर पडले. यांतला मजकूर कल्पित नसल्यामुळे कादंबरी मिटल्यावर वाचकाला जो दिलासा मिळतो तो येथे मिळत नाही, आणि वाचणाऱ्याची झोप उडते ती याच कारणाने.

ही भीती खोटी आहे असे म्हणता येणार नाही; पुढे येणाऱ्या उदाहरणांवरून ती किती साधार आहे हे दिसेलच. मात्र या पुस्तकांच्या रचनेत दोनच माणसे मोठी होतात: एक, जंतू घडवणारा किंवा सोडणारा दुष्ट, आणि दुसरा, हवाबंद पोशाख चढवून त्या जंतूशी झुंजणारा शास्त्रज्ञ. ज्याने सर्वांत आधी काहीतरी विपरीत पाहिले आणि ते दुसऱ्याला सांगितले, तो तिसरा माणूस पानाच्या कडेलाच राहतो. वास्तविक रोग जंगलातून आलेला असो, खुराड्यातून आलेला असो की शत्रूच्या प्रयोगशाळेतून, तो आपले नाव सांगत येत नाही. तो कोणाच्या तरी घरात ताप म्हणून, कोणाच्या तरी शेडमध्ये मेलेली कोंबडी म्हणून उगवतो, आणि त्या क्षणी गावातला तो एक माणूस बोलतो की गप्प राहतो यावर पुढचे बहुतेक सारे ठरते. भीतीच्या नावाखाली उभी राहिलेली व्यवस्था त्याला बोलते करते की त्याचे तोंड बंद करते, ही या विषयातली खरी कसोटी आहे, आणि ती समजून घेण्यासाठी सैबेरियापर्यंत जाण्याची गरज नाही, शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन ग्रामीण तालुके पुरेसे आहेत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली या गावी एका पोल्ट्रीत सुमारे शंभर कोंबड्या मेल्या. नमुने तपासणीसाठी गेले, आणि तो ‘एच५एन१’ या विषाणूमुळे होणारा बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले. (नावातली अक्षरे विषाणूच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिनांची असून अंक त्या प्रथिनांचे प्रकार सांगतात.) त्यानंतर एक किलोमीटरच्या परिघातील सुमारे २५,००० पक्षी मारून टाकण्याचा निर्णय झाला. भारतात या विषाणूची पहिली नोंदही महाराष्ट्रातलीच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरची. फेब्रुवारी २००६ मध्ये तेथील कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेत तपासले गेले होते. हा विषाणू माणसाला सहसा होत नाही, परंतु जगभरात ज्यांना तो झाल्याची खात्री पटली त्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत, आणि जुलै २०२१ मध्ये दिल्लीत एका ११ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूने भारतातही तशी नोंद झाली.

भयकारी पुस्तकांचे जग वेहळोलीला येऊन भिडते ते येथेच. २०११ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे रॉन फूशिए यांच्या आणि अमेरिकेत योशिहिरो कावाओका यांच्या प्रयोगशाळेत याच कुळातल्या विषाणूंमध्ये असे बदल घडवले गेले की ते फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांमध्ये हवेतून एकापासून दुसऱ्याला होऊ लागले. निसर्गात असा विषाणू कधी तयार झाला तर तो ओळखता यावा, असे या संशोधनाचे समर्थन होते. त्याची कृती चुकीच्या हाती पडली तर काय, हा आक्षेप होता. अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये तपशील गाळून छापण्याची शिफारस केली, बराच वाद झाला, आणि अखेर २०१२ साली दोन्ही शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पुस्तकांना अशा प्रयोगांचे आकर्षण असते आणि ते समजण्यासारखे आहे, पण उद्या असा विषाणू खरोखरच सुटला तरी तो प्रथम लक्षात येईल तो कुठल्या तरी वेहळोलीतच, आणि तेथे त्याची गाठ पडेल ती एका फार जुन्या शब्दाशी.

तो शब्द ‘मानमोडी’. गावठी कोंबड्या पाळणाऱ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला हा रोग, ज्याला पशुवैद्यक राणीखेत म्हणतात, कोंबडीची मान वाकडी करतो आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे करतो. हा विषाणू वेगळ्या कुळातला असून त्यावर लस आहे. मरतूक लागली की पहिला अंदाज मानमोडीचाच बांधला जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. विशेष म्हणजे १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी जागतिक साथ आली तिलाही मराठी माणसाने मानमोडी हेच नाव दिले. त्या वर्षी जून महिन्यात मुंबईत तिची सुरुवात झाली, रेल्वेच्या मार्गांनी ती देशभर पसरली, आणि एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. कोंबडीच्या आणि माणसाच्या मरणाला एकच शब्द लावणाऱ्या लोकांना विषाणूशास्त्र माहीत नव्हते, परंतु अंगणातले मरण आणि घरातले मरण एकमेकांपासून फार दूर नसते, ही जाण त्या शब्दात आहे. त्याचबरोबर त्या शब्दात एक धोकाही आहे, कारण ओळखीचे नाव मिळाले की चौकशी थांबते. पहिली खबर देणाऱ्याची अडचण अज्ञानापेक्षा अतिपरिचयाची असते. नेहमीच्या शंभर मरणांतून एक वेगळे मरण ओळखणे हे प्रशिक्षित डॉक्टरलाही जड जाते.

आणि ओळखले तरी सांगावे का, हा पुढचा प्रश्न उरतो. बर्ड फ्लूच्या शासकीय कृती आराखड्यानुसार एक किलोमीटरच्या बाधित क्षेत्रातले सारे पक्षी मारले जातात, दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते आणि विक्री-वाहतूक थांबते. भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची, रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची नव्हे. या नियमामागचा हेतू मालकाने लवकर कळवावे हाच आहे आणि तो योग्य आहे. तरीही ज्या कुटुंबाने कर्ज काढून शेड उभारली, किंवा ज्याच्याकडे कंपनीने पिल्ले आणि खाद्य देऊन ठेक्यावर बॅच वाढवायला दिली, त्याच्या दृष्टीने कळवणे म्हणजे स्वतःबरोबर शेजारच्या प्रत्येक घराचे खुराडे रिकामे करणे असते. त्या शेजाऱ्यांत चार गावठी कोंबड्यांवर सणासुदीचा खर्च भागवणारी कातकरी आणि ठाकूर कुटुंबे असतात, आणि खबर देणाऱ्याला पुढची अनेक वर्षे त्यांच्यातच राहायचे असते. भरपाईचे पैसे किती दिवसांत हातात पडतात हा म्हणूनच केवळ हिशेबाचा मुद्दा राहत नाही, रोगनियंत्रणाच्या दृष्टीने तो लसीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

खबर देणाऱ्याला गुन्हेगारासारखे वागवले तर काय होते, याचा धडा मुंबई इलाख्याने सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी गाठीचा प्लेग ओळखला. म्हणजे पहिली खबर वेळेवर मिळाली होती. त्यानंतर सुरू झालेल्या सक्तीमुळे, रोग्यांना घरातून उचलून नेण्याच्या धास्तीमुळे आणि रुग्णालयाबद्दल पसरलेल्या अफवांमुळे २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला, पुण्यात घराघरांतून सैनिकांकडून झडत्या झाल्या, आणि २२ जूनला तेथील प्लेग अधिकारी रँड याच्यावर प्राणघातक गोळीबार झाला. या सर्व घटनांचा राजकीय अर्थ पुष्कळदा सांगितला जातो, वैद्यकीय अर्थ मात्र क्वचितच: झडतीच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले, मृत्यू दडवू लागले, गाव सोडून पळू लागले, आणि ज्या वाटा रोखायच्या होत्या त्याच वाटांनी प्लेग पुढे सरकला. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरावर प्लेगची लस टोचून घेतली ती याच काळात. विज्ञान इतक्या वेगाने धावत असताना विश्वास त्याच्या दुप्पट वेगाने मागे जात होता, हे त्या वर्षाचे खरे दुःख होय.

आर्थर रोडच्या त्याच रुग्णालयाचे नाव ३६-३७ वर्षांनी एका खुनाच्या खटल्यात आले, आणि जैविक अस्त्रांच्या इतिहासात मराठी मुलुखाशी सर्वांत जवळचा संबंध असलेले प्रकरण म्हणून त्याकडे पाहिले पाहिजे. आताच्या झारखंडमधील पाकूरच्या जमीनदार घराण्यातील इस्टेटीच्या वादातून बिनयेंद्र पांडे याने आपला सावत्र भाऊ अमरेंद्र याला मारण्यासाठी डॉ. तारानाथ भट्टाचार्य या जंतुशास्त्र जाणणाऱ्या साथीदाराची मदत घेतली. त्या काळी प्लेगचे जिवंत जंतू परळच्या हाफकिन संस्थेत जतन केलेले असत. तेथे रीतसर परवानगीवाचून ते मिळेनात, तेव्हा १९३३ च्या जुलै महिन्यात संशोधनाचे निमित्त सांगून आर्थर रोड रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्रवेश मिळवण्यात आला. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्थानकाच्या गर्दीत एका अनोळखी माणसाने अमरेंद्रच्या दंडाला काहीतरी टोचले, आणि ४ डिसेंबरला तो मरण पावला. मुंबईहून हावड्याला जाणारा लोहमार्ग आसनगाव, खर्डी आणि कसाऱ्यावरूनच, म्हणजे शहापूर तालुक्याच्या मधूनच जातो, हे ध्यानात घेतले की जैविक अस्त्र ही दूरच्या महासत्तांची बाब आहे हा समज उरत नाही.

हा गुन्हा उघडकीला आला तो मात्र फार साध्या गोष्टींमुळे. अमरेंद्रने दंडाला काही टोचल्याचे लगेच सांगितले, नातेवाइकांनी संशय बोलून दाखवला, डॉक्टरांनी रक्ताचा नमुना तपासणीसाठी पाठवला, आणि त्यात प्लेगचे जंतू सापडले. नातेवाइकांना ऐकून घेणारे कोणी नसते, किंवा तापाने मेला म्हणून नोंद करून प्रकरण मिटवले गेले असते, तर बिनयेंद्र आणि तारानाथ यांच्यावर खटलाच उभा राहिला नसता. न्यायालयाने दोघांना दिलेली फाशीची शिक्षा पुढे उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली.

याच्या अगदी उलटे सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क येथे घडले. एप्रिल १९७९ मध्ये तेथील लष्करी जंतुकेंद्रातून अँथ्रॅक्सचे, म्हणजे मुख्यतः जनावरांना होणाऱ्या काळपुळी या रोगाचे, बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे मेली. दूषित मांसामुळे हे घडले असे सरकारने जगाला सांगितले आणि रुग्णालयातील कागदपत्रे गुप्तचर यंत्रणेने ताब्यात घेतली. १९९२ साली अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांच्या पथकाने मृतांच्या घरी जाऊन, दफनभूमीतील नावे वाचून, ती माणसे त्या दिवशी कोठे होती हे नकाशावर मांडले, तेव्हा बहुतेक मृत्यू वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या एका अरुंद पट्ट्यात पडले. त्याच पट्ट्यावर सुमारे ५० किलोमीटरपर्यंतच्या खेड्यांत जनावरे मेली होती. म्हणजे तेथेही खबर होती, ती मेंढ्यांच्या मालकांना आणि विधवांना ठाऊक होती, पण अनेक वर्षे ती विचारायला कोणी आले नाही.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९८४ साली, पुण्याहून तेथे स्थलांतरित झालेल्या रजनीश संप्रदायातील काहींनी द डॅलस या गावातील उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले आणि ७५१ माणसे आजारी पडली. तपास करणाऱ्यांनी आधी दोष स्वयंपाकघरातील कामगारांच्या अस्वच्छतेवर टाकला. खरे कारण दुसऱ्या वर्षी, संप्रदायातच फूट पडल्यावर बाहेर आले. मुद्दाम पसरवलेला रोग आणि आपोआप पसरलेला रोग यांत रोग्याच्या बाजूने पाहता काहीच फरक नसतो, आणि म्हणूनच केवळ जैविक हल्ल्यासाठी वेगळी पाळत आणि नेहमीच्या जुलाबासाठी वेगळी, ही विभागणी मुळातच फसवी आहे. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून अमलात आहे आणि भारताने तो मान्य केला आहे, परंतु कोणी तो मोडतो की नाही हे तपासणारी सक्तीची यंत्रणा त्यात आजही नाही. कागदावर जे तपासता येत नाही ते अखेर गावपातळीवरच तपासावे लागते.

महाराष्ट्रात पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. रोगाला हद्दीपार करण्याची ती धडपड असहायतेतून आलेली होती आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहणे योग्य नाही. पण सारी साधने हाताशी असलेल्या जगाने तेच केले तर त्याला माफी कशी असावी? १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली, लाखो माणसे शहर सोडून गेली, आणि अनेक देशांनी भारताकडे येणारी-जाणारी विमाने व भारतीय माल अडवला. योगायोग असा की ‘द हॉट झोन’ त्याच महिन्यात प्रकाशित झाले. ज्या व्हर्जिनियातील माकडांच्या साथीवर ते आधारलेले आहे त्या साथीत एकही माणूस दगावला नव्हता, आणि सुरतेत पन्नासच्या आसपास माणसे मेली होती. त्या वर्षी भारताला मिळालेला संदेश असा होता की जो देश खबर देतो त्याचे नुकसान होते. २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, जे २००७ पासून लागू झाले, ते अंशतः हा संदेश पुसण्यासाठीच केले गेले. ठेक्याच्या पोल्ट्रीवाल्यासमोर जो पेच असतो तोच राष्ट्रांसमोरही असतो, हे येथे लक्षात येते.

यावर असा आक्षेप घेता येईल की लोकांना भीती वाटल्यावाचून सरकारे पैसा खर्च करत नाहीत, आणि या पुस्तकांनी निदान तेवढे तरी केले. आक्षेप वजनदार आहे. पुण्यातील राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत २०१२ साली उभी राहिलेली ‘पातळी चार’ची प्रयोगशाळा, म्हणजे ज्या जंतूंवर बहुधा उपचार नाही त्यांच्यासाठीची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा, ही देशाची मोठी कमाई आहे आणि तिच्यामागे अशा भीतीचाही वाटा आहे. पण प्रयोगशाळा तिच्या दारात आलेला नमुनाच तपासू शकते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून पसरलेल्या माकडतापाची पूर्वसूचना जंगलात मरून पडलेली माकडे देतात, आणि ती पाहणारा काजूच्या बागेतला मजूर असतो; त्याने ते कोणाला सांगावे, सांगितल्यावर त्याचा दिवस बुडणार नाही ना, एवढ्यावर पुढची साखळी अवलंबून राहते.

शहापूर-मुरबाडमध्ये ही साखळी कोठे तुटते हे शोधणे अवघड नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यातली. भातसाचे पाणी पांजरापूर व भांडुप येथे शुद्ध होऊन महानगरात जाते, आणि त्यात कोणी विष कालवलेच तर प्रचंड पाण्यात विरळ होणारे व क्लोरिनला सामोरे जाणारे ते विष किती परिणाम करील याची चर्चा तज्ज्ञ करतात. त्याच धरणांच्या वरच्या अंगाचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि डबक्यातले पाणी पितात, त्यांच्या जुलाबाची चर्चा मात्र आकडा मोठा झाल्यावरच होते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, त्यामुळे मुलांच्या लसीचा पुढचा डोस चुकतो आणि आजारी माणूस कोणत्याच उपकेंद्राच्या नोंदीत राहत नाही. पावसाळ्यात ओढे भरले की काही पाड्यांवरून रोग्याला झोळी करून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि तोवर त्याला पहिल्यांदा पाहिलेले असते ते बहुधा भगताने. भगताला हिणवून ही साखळी जोडली जाणार नाही; एकाच घरातले तिघे तापाने पडले हे त्याला सर्वांत आधी कळते, आणि त्याने ते आशा कार्यकर्तीच्या कानावर घालावे असे नाते दोघांत निर्माण होणे शक्य आहे. पौष महिन्यात मुरबाडजवळच्या म्हसा यात्रेत दूरदूरची जनावरे विक्रीला येतात, तेव्हा एका गोठ्यातला रोग किती गोठ्यांत जाऊ शकतो हे पशुधन पर्यवेक्षकाला ठाऊक असते; रिक्त पदांमुळे एकाच्या वाट्याला किती गावे येतात, हा प्रश्न जैविक सुरक्षेच्या चर्चेत विचारला जात नाही.

मुरबाडच्या पाड्यावर घेतलेला रक्ताचा नमुना माळशेज घाट चढून जुन्नरमार्गे एका दिवसात पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचू शकतो. त्या प्रवासातला घाट सर्वांत कठीण नव्हे. कठीण आहे तो पाड्यापासून उपकेंद्रापर्यंतचा पहिला तुकडा, जेथे गाडी नसते, बर्फाचा डबा नसतो, आणि वहीत ‘ताप, तीन जण, एकच घर’ असे लिहिणाऱ्या आशा कार्यकर्तीला त्या संध्याकाळी कोणीतरी उलट फोन करून ‘आणखी कोणाला आहे का?’ असे विचारील याची खात्री नसते.